ब्लॉगची थीम आणि रंगसंगती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा ब्लॉग सुरू करणाऱ्यांचे आणि जुन्याला नवं रूप द्यायला निघालेल्यांचे हे प्रश्न आहेत. सगळे क्रमाने वाचायलाच हवेत असं नाही. मात्र रंगांची कितीही घाई असली तरी थीमवरचे पहिले दोन-तीन प्रश्न आधी वाचा.

थीम आधी ठरवायची की रंग?

थीम, म्हणजे साइटचा तयार साचा. रंग नंतर पाच मिनिटांत बदलता येतात. लेखाची रुंदी, मेनूची जागा, साईडबार, मोबाइलवर पान कसं उलगडतं, हे सगळं मात्र थीम बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं आणि ते मोडून आपल्याला हवं तसं करणं जिकिरीचं असतं.

त्याही आधी तीन-चार लेख लिहून तयार ठेवा. एक लांबलचक, एक चार परिच्छेदांचा, एक फोटोंनी भरलेला. तुमच्या विषयात तक्ते येत असतील तर तसाही एक. रिकाम्या साइटवर थीम निवडायला बसलं की आपण नकळत डेमोमधले (थीमच्या नमुना साइटवरचे) फोटो निवडत बसतो.

डेमो इतका देखणा असतो, मग तीच थीम माझ्या साइटवर केविलवाणी का दिसते?

कारण डेमोतला देखणेपणा बराचसा फोटोंचा असतो. छायाचित्रकाराने काढलेले, एकाच रंगछटेत बसवलेले मोठे फोटो, दोन-तीन शब्दांची शीर्षकं, सगळे उतारे एकाच लांबीचे. तुमचं शीर्षक बारा शब्दांचं असतं, एका लेखाला फोटोच नसतो, दुसऱ्याचा फोटो उभा असतो. फोटो नसलेल्या लेखाच्या जागी राखाडी चौकट दाखवणारी थीम असेल तर विचारायलाच नको.

शिवाय डेमो म्हणजे बहुतेक वेळा मुखपृष्ठ. वाचक मुखपृष्ठावरून येतोच असं नाही. त्याला सर्च इंजिनमधून किंवा कुणी पाठवलेल्या लिंकवरून थेट एका लेखावर यायचं असतं, तिथेच वाचायचं असतं आणि तिथूनच निघून जायचं असतं. म्हणून थीम पाहताना मुखपृष्ठ शेवटी बघा. डेमोतला सगळ्यांत लांब लेख शोधा आणि तो मोबाइलवर उघडा. पहिलं वाक्य दिसायला अंगठा किती वेळा सरकवावा लागतो? दोन पडदे सरकवूनही मजकूर येत नसेल, तर ती थीम लिहिणाऱ्यासाठी बनवलेली नाही.

लेखाचं पान आवडलं. आणखी काय तपासायचं?

शेवटचा अपडेट कधीचा आहे ते बघा. वर्ष-दीड वर्ष कुणी हात लावलेला नसेल तर सोडून द्या. मदतीच्या पानावर लोकांच्या अडचणींना उत्तरं मिळतात का, तेही चाळा. वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या प्रणालीच्या अधिकृत थीम-संग्रहात ‘ॲक्सेसिबिलिटी रेडी’ (सर्वांना वापरता येण्याजोगी) असा फिल्टर आहे. तो लावून निवड सुरू केली तर रंग आणि कीबोर्डवरून वावर यांची प्राथमिक तपासणी झालेल्या थीमच समोर येतात.

वेगासाठी डेमोचा पत्ता गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये टाका. तीन आकडे महत्त्वाचे. पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा. क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत मिळावा. हे मोजमाप मार्च २०२४ मध्ये जुन्या मापाच्या जागी आलं. आणि पान उघडताना मजकूर इकडेतिकडे उडण्याचं प्रमाण ०.१ च्या खाली असावं. यातल्या तिसऱ्याने वाचक सर्वांत जास्त चिडतो: तो ओळ वाचत असतो, वर एखादं चित्र अवतरतं आणि ओळ खाली पळते. मोकळ्या डेमोचेच आकडे वाईट असतील तर तुमच्या जाहिराती आणि प्लगिन (जादा सोयींचे जोड) आल्यावर ते सुधारणार नाहीत.

फुकट थीम चालते, की विकतच घ्यावी?

फुकट चालते. वर्डप्रेसबरोबर येणाऱ्या थीमसुद्धा निव्वळ लेखनाच्या ब्लॉगला पुरून उरतात. पैसे मोजायचेच तर मदत आणि नियमित अपडेट यांसाठी मोजा. वीस प्रकारची मुखपृष्ठं मिळतात म्हणून नको, त्यातलं एकच वापरणार आहात.

विकतची थीम ‘मोफत डाउनलोड’ म्हणून वाटणाऱ्या साइटच्या वाटेला जाऊ नका. अशा चोरट्या प्रतींमध्ये लपवलेला कोड असणं नेहमीचं आहे. तो गुपचूप जाहिरातींच्या लिंक घुसवतो किंवा साइटचा ताबाच घेतो.

‘सगळ्या कामांसाठी एकच’ अशी थीम घेऊ का?

ब्लॉगसाठी नको. दुकान, हॉटेल, जिम, लग्नपत्रिका असं सगळं करू शकणारी थीम त्या सगळ्याचं ओझंही बाळगते. त्यातल्या बऱ्याच थीम स्वतःचा पेज बिल्डर (पान रचण्याचं साधन) आणतात, आणि पुढे थीम सोडायची वेळ आली की लेखांमध्ये चौकटी कंसांतले अगम्य कोड मागे उरतात. शंभर लेखांतून ते हाताने काढत बसणं म्हणजे शिक्षाच.

क्लासिक थीम आणि ब्लॉक थीम यांत फरक काय?

वर्डप्रेसमध्ये थीमची व्यवस्था २००५ साली, १.५ या आवृत्तीत आली. तेव्हापासून चालत आलेली रचना म्हणजे क्लासिक. तिचे रंग ‘कस्टमाइझ’मधून बदलतात आणि थीमकर्त्याने जेवढी मुभा दिली तेवढेच बदलतात. जानेवारी २०२२ च्या ५.९ आवृत्तीपासून ब्लॉक थीम आल्या. त्यांत शीर्षपट्टीपासून तळपट्टीपर्यंत सगळं एडिटरमधून बदलता येतं आणि ‘स्टाइल्स’मध्ये तयार रंगसंगतीही मिळतात. आज नव्याने सुरू करत असाल तर ब्लॉक थीम घ्या.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या. लेखात एखाद्या शब्दाला किंवा चौकटीला रंग द्यायचा असेल तर थीमच्या पॅलेटमधलाच (ठरलेल्या रंगसंचातलाच) द्या. पॅलेटमधला रंग नावाने साठवला जातो, त्यामुळे उद्या पॅलेट बदललं की जुन्या लेखांतही तो बदलतो. मनाने निवडलेला रंग त्या लेखात कोड म्हणून कायमचा चिकटतो. पार्श्वभूमी गडद केल्यावर जुन्या लेखांतली काळी अक्षरं गायब झाल्याच्या तक्रारी बहुधा इथूनच येतात.

मराठी मजकुरासाठी थीममध्ये वेगळं काय बघायचं?

बरंच काही. बहुतेक थीम रोमन लिपी समोर ठेवून बनवलेल्या असतात आणि डेमोत जो फॉन्ट आवडला त्यात देवनागरी अक्षरं नसतातच. मग ब्राउझर वाचकाच्या यंत्रावरचा फॉन्ट उचलतो: विंडोजवर निर्मला यूआय, ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो. तुमचा ब्लॉग प्रत्येकाला वेगळा दिसतो, आणि मजकुरात मधेच इंग्रजी शब्द आला तर तो भलत्याच जाडीचा दिसतो.

म्हणून दोन्ही लिप्या असलेला फॉन्ट लावा. सलग वाचनाला मुक्ता, हिंद किंवा नोटो सान्स देवनागरी चांगले. पुस्तकी वळण हवं असेल तर मार्टेल, एक्झार किंवा तिरो देवनागरी मराठी. बलू शीर्षकांत गोड दिसतो, पण दोन हजार शब्द त्यात वाचवत नाहीत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइली जड असतात, तेव्हा साधा आणि ठळक अशी दोनच वजनं घ्या. वर्डप्रेसच्या ६.५ आवृत्तीपासून (२०२४) फॉन्ट लायब्ररी आहे. तिच्यातून घेतलेला फॉन्ट तुमच्याच साइटवर साठवला जातो.

आता मापं. ओळींमधलं अंतर रोमन मजकुराला दीडपट पुरतं. आपल्याकडे वर रफार आणि वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे १.७ ते १.८ पट ठेवा. शीर्षकांना थीम बहुधा १.१ किंवा १.२ देते आणि दोन ओळींचं शीर्षक आलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. तिथे १.४ करा. अक्षरांचा आकार १८ पिक्सेलच्या खाली नको. संगणकाच्या पडद्यावर एका ओळीत दहा-बारा शब्द बसले की वाचन सुखाचं होतं.

थीमने अक्षरांमध्ये जादा अंतर सोडलं असेल (मेनूत आणि बटणांवर असतंच) तर ते शून्यावर आणा, नाहीतर शिरोरेषेचे तुकडे पडतात. तिरप्या अक्षरांचंही तेच. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये खरी तिरपी अक्षरं नसतात, ब्राउझर सरळ अक्षरंच ढकलून वाकडी करतो. अवतरणांसाठी त्याऐवजी डावीकडे एक रंगीत रेघ द्या.

आणि साइटची भाषा सेटिंगमध्ये मराठी निवडा. काही फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं असतात, पण पानाची भाषा मराठी आहे हे ब्राउझरला कळलं तरच ती दिसतात.

रंग किती असावेत?

चार पुरतात. पार्श्वभूमीचा एक, मजकुराचा एक, दुय्यम मजकुराचा (तारीख, फोटोओळ) एक, आणि लिंक व बटणांसाठी एक ठसठशीत. पाचवा घ्यायचाच तर चौकटींच्या मागे द्यायला पार्श्वभूमीहून किंचित वेगळी छटा घ्या. ६०-३०-१० चं प्रमाण (मुख्य रंग ६० टक्के, दुय्यम ३०, ठसठशीत १०) तुम्ही वाचलं असेल. ते घरसजावटीतून आलं आहे. लेखाच्या पानावर पार्श्वभूमी आणि मजकूर मिळूनच जवळपास सगळी जागा व्यापतात, ठसठशीत रंगाला दहा टक्केही खूप झाले.

सुरुवात कुठून करायची?

मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या जोडीपासून. आवडता रंग शेवटी.

या जोडीतला उजळपणाचा फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, १ ते २१ या पट्टीवर मोजतात. पांढऱ्यावर पांढरं म्हणजे १, पांढऱ्यावर काळं म्हणजे २१. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराला किमान ४.५ हवा, मोठ्या शीर्षकांना ३ चालतो, आणि अधिक कडक पातळीसाठी ७ लागतो. हा आकडा क्रोमच्या डेव्हलपर साधनांतल्या रंगनिवड खिडकीत दिसतो, आणि दोन रंगांचे सहा-अंकी कोड टाकून तपासून देणारी मोफत साधनंही भरपूर आहेत.

पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे काही राखाडी बघा. ज्याच्या कोडमधले सहाही आकडे ३ आहेत तो १२.६ भरतो, मजकुराला उत्तम. सहाही ५ असलेला ७.४६. सहाही ७ असलेला ४.४८, म्हणजे थोडक्यात नापास. ७६७६७६ मात्र ४.५४ मिळवून पास होतो. आणि सहाही ९ असलेला फक्त २.८५. तारखा आणि फोटोओळी याच फिक्या राखाडीत टाकायची डिझायनरांना भारी हौस. तो दिसला की आधी गडद करा.

पार्श्वभूमी शुभ्र पांढरीच हवी असं नाही. किंचित मळकट पांढरा किंवा हलका साय-रंग दीर्घ वाचनाला बरा वाटतो. पिवळट जुन्या कागदाचा आभास देणारं चित्र मात्र अक्षरांमागे लावू नका.

माझा आवडता रंग पिवळा आहे. पांढऱ्यावर पिवळ्या लिंक का दिसत नाहीत?

डोळ्याला सगळे रंग सारखे उजळ वाटत नाहीत. कॉन्ट्रास्टच्या गणितात हिरव्याचा वाटा सुमारे ७१.५ टक्के, लाल २१.३ आणि निळ्याचा जेमतेम ७.२. लाल अधिक हिरवा म्हणजे पडद्यावरचा पिवळा, म्हणजे तो जवळजवळ पांढऱ्याइतकाच उजळ: पांढऱ्यावर १.०७. निव्वळ हिरवा १.३७, निव्वळ लाल ४, निव्वळ निळा ८.५९. लिंक निळ्या असण्याची चाल इतकी टिकली त्यात या आकड्याचाही हात असावा.

पिवळा सोडायची गरज नाही, त्याची जागा बदला. पिवळ्या पट्टीवर काळी अक्षरं झकास दिसतात. नारिंगी बटणावर पांढरी अक्षरं हा मात्र सगळीकडे दिसणारा घोटाळा आहे. तिथे कॉन्ट्रास्ट २ च्या आसपास घुटमळतो.

रंगचक्रातल्या जोड्या (समोरासमोरच्या, शेजारच्या, त्रिकोणी) कितपत कामाच्या?

सुचण्यापुरत्या. रंग वर्तुळात मांडण्याची कल्पना न्यूटनच्या १७०४ सालच्या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात आहे, पण ते वर्तुळ रंगाचा प्रकार सांगतं, त्याचा उजळपणा नाही. वाचनासाठी उजळपणाच निर्णायक. समोरासमोरचे लाल आणि हिरवा सारख्या उजळपणाचे घेतलेत तर अक्षरांच्या कडा थरथरताना दिसतील.

त्याहून उपयोगी गोष्ट शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये मांडली. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेच्या रंगाईचा तो प्रमुख होता. एकच रंग शेजारच्या रंगामुळे वेगळा भासतो, हे त्याने सविस्तर दाखवलं. म्हणून पॅलेटच्या साइटवर पाच चौकोनांत शोभलेली संगती पानावर गेली की भलतीच दिसते. रंग नेहमी खऱ्या लेखावर, खऱ्या मजकुरासह तपासा.

निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे निसर्ग… हे पाळायचं का?

फार मनावर घेऊ नका. असे अर्थ समाजागणिक आणि संदर्भागणिक बदलतात. त्यापेक्षा एकच रंग वर्षानुवर्षं चिकाटीने वापरणं कामी येतं. फायनान्शियल टाइम्स १८९३ पासून फिक्या गुलाबी कागदावर निघतो; अर्थकारणाचा गुलाबीशी काडीचा संबंध नाही, तरी आज तो रंगच त्याची ओळख आहे आणि त्याच्या संकेतस्थळावरही तो आहे.

लिंकखालची रेघ काढून टाकू का? पान नीटनेटकं दिसेल.

काढू नका. मेनूत नसली तरी चालते, लेखाच्या मजकुरात असावी. फक्त रंगाने वेगळी केलेली लिंक सगळ्यांना ओळखू येत नाही. रेघ टोचत असेल तर ती बारीक करा, अक्षरांपासून थोडी खाली सरकवा. उकारांतूनही ती मग सुटसुटीत जाते. वाचून झालेल्या लिंकला वेगळी छटा दिलीत तर जुना वाचक दुवा देईल.

लिंकची नेमकी छटा ठरवण्यात मात्र आठवडे घालवू नका. गूगलने एकदा निळ्याच्या ४१ छटा वापरकर्त्यांवर तपासून पाहिल्या होत्या. त्यांच्याकडे वाचक तेवढे आहेत, आपल्याकडे नाहीत.

रंगांध वाचकांसाठी काय करायचं?

लाल-हिरव्यात गफलत होणारे पुरुष बरेच असतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे आठ टक्के. फेसबुकच्या झुकरबर्गलाही लाल-हिरवा नीट दिसत नाही, साइट निळी असण्यामागे तेही एक कारण. तुम्हाला इतकंच सांभाळायचं आहे की कोणतीही माहिती फक्त रंगावर सोडायची नाही. ‘चूक’ आणि ‘बरोबर’ लाल-हिरव्यात दाखवत असाल तर शब्द किंवा खूणही द्या. क्रोमच्या डेव्हलपर साधनांत निरनिराळ्या प्रकारच्या दृष्टीने पान पाहण्याची सोय आहे. तेवढंही नको असेल तर फोनचा पडदा कृष्णधवल करून लेख वाचा. अडखळलात तिथे दुरुस्ती हवी.

डार्क मोड द्यावा का?

थीममध्ये चांगला केलेला असेल तर जरूर. नसेल तर पहिल्याच दिवशी त्यामागे धावू नका, अर्धवट डार्क मोडपेक्षा तो नसलेला बरा.

मॅकवर २०१८ मध्ये, आयफोन आणि अँड्रॉइडवर २०१९ मध्ये ही सोय यंत्रणेतच आली. तेव्हापासून वाचकाची निवड ब्राउझरला कळते आणि साइट आपोआप तसं रूप घेऊ शकते. ते आपोआप व्हावं, पण वाचकाला बदलायला बटणही असावं; कित्येकांना फोन गडद आणि लेख उजळ हवा असतो. दृष्टिवैषम्य असलेल्या अनेकांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरट दिसतात.

रंग नुसते उलटे करून भागत नाही. पार्श्वभूमी पूर्ण काळी ठेवण्यापेक्षा १२१२१२ सारखा गडद राखाडी घ्या. गूगलच्या मटेरियल डिझाइन या रचना-नियमावलीचीही तशीच शिफारस आहे. मजकूर शुभ्र न ठेवता थोडा मंद करा. उजळ रूपातला भडक लाल किंवा निळा गडद रूपात डोळ्यांत घुसतो, त्याची फिकी छटा वेगळी ठरवा. आणि पारदर्शक पार्श्वभूमीवरचा काळा लोगो अंधारात नाहीसा होतो, हे हमखास सगळ्यांत शेवटी लक्षात येतं.

माझ्या लॅपटॉपवर सुरेख दिसणारा रंग फोनवर वेगळा का?

प्रत्येक पडद्याची क्षमता आणि सेटिंग वेगळी. रात्री निळा प्रकाश कमी करणारी सोय चालू असेल तर सगळंच पिवळं पडतं. यावर इलाज नाही. साध्या फोनवर, भर उन्हात, ब्राइटनेस कमी करून लेख वाचता आला म्हणजे झालं.

प्रत्येक विभागाला वेगळा रंग देऊ?

तीन-चार विभाग असतील तर ठीक. दहा असतील तर वाचकाच्या काही लक्षात राहत नाही.

थीम बदलली तर जुने लेख जातील का?

वर्डप्रेसमध्ये नाही. लेख, पानं, प्रतिक्रिया डेटाबेसमध्ये असतात, थीमला त्यांचा मालकी हक्क नाही. पण बाकी पुष्कळ गोष्टी हलतात. मेनू राहतात, त्यांच्या जागा नव्याने नेमाव्या लागतात. साईडबारमधली विजेट (छोट्या चौकटी) निष्क्रिय यादीत जाऊन बसतात. ‘कस्टमाइझ’मधले रंग आणि तिथेच लिहिलेलं जादा सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) हे त्या-त्या थीमपुरतं साठवलेलं असतं, तेव्हा ते आधी कॉपी करून ठेवा. वाचकसंख्या मोजणारा कोड थीमच्या फाइलीत डकवला असेल तर तो मागे राहतो आणि आलेख एकदम शून्यावर येतो. लोक घाबरतात, वाचक मात्र तिथेच असतात. जुन्या फोटोंची लघुरूपं नव्या मापात पुन्हा बनवावी लागतात, त्यासाठी प्लगिन आहेत.

थीमच्या फाइलींत स्वतः बदल करणार असाल तर चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर बेतलेली वेगळी उपथीम, बनवा. नाहीतर पुढच्या अपडेटमध्ये सगळं धुऊन जातं.

ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉग-सेवेवर असाल तर थीमच्या मेनूतून जुन्या थीमची बॅकअप फाइल आधी उतरवून घ्या, आणि गॅजेटमध्ये टाकलेले कोड वेगळे जपून ठेवा, कारण नव्या थीममध्ये त्या जागाच नसतील.

हे काम दुसऱ्याला द्यायचं असेल तर त्याला काय सांगायचं?

तुमचा सर्वांत लांब लेख द्या आणि आधी तेच पान बनवून दाखवायला सांगा. चार रंगांचे कोड, प्रत्येकाचं काम काय यासह, लिहून द्या. मजकुराचा कॉन्ट्रास्ट ४.५ च्या खाली कुठेही नको, हे कामाच्या अटींतच घाला. बदल चाइल्ड थीममध्ये हवेत, लेखांच्या आत कुठेही सुटे रंग नकोत. काम संपल्यावर फॉन्ट आणि थीमचे परवाने कुणाच्या नावावर आहेत ते विचारा. ते त्याच्या खात्यावर असतील तर वर्षभराने अपडेट थांबतील आणि तोपर्यंत त्याचा फोन नंबर बदललेला असेल.